जुन्या नाण्याची प्रत

(नभोवाणीवरील भाषण)



साखळी, डिचोली, सत्तरी, पेडणे या आपल्या भागातील जुन्या घरांतून एखादी पेटी अशी सापडतेच, की जिच्या तळाशी कापडाच्या चिंधीत गुंडाळलेली पाच-पंचवीस नाणी वर्षानुवर्षे पडून असतात. दिवाळीत ती बाहेर येतात, चिंचेने घासून लख्ख केली जातात, हळदकुंकू लावून ताटात मांडली जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधीत जातात. पुढे केव्हातरी घरातील वडीलधारे माणूस जाते, वाटण्या होतात, आणि मग प्रथमच कोणीतरी विचारतो, याचे येतील किती? हा प्रश्न बहुधा सोनाराला विचारला जातो. सोनार नाणी तराजूत टाकतो आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने हिशेब करून पैसे मोजतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याचा व्यवहार धातूचा आहे. परंतु त्या तराजूत जे चढले ते मुशीत जाते, आणि मुशीतून नाणे कधी परत येत नाही. चांदीचा भाव जसजसा चढतो, तसतशी ही वाट अधिक रुळते.

आज मला किमतीविषयी बोलावयाचे नाही. किमतीच्या आधी येणारा जो प्रश्न आहे, त्याविषयी बोलावयाचे आहे. ते नाणे कोणत्या स्थितीत आहे, त्याची प्रत काय? एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीत पडलेले दोन रुपये आपल्यापुढे ठेवले, तर त्यांपैकी एकाला केवळ चांदीचा भाव येतो आणि दुसऱ्यासाठी संग्राहक त्याच्या कित्येक पट मोल आनंदाने देतो. वय तर दोघांचे सारखेच. नाणे जितके जुने तितके मौल्यवान, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि ती साफ चुकीची आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची कुषाण राजांची झिजलेली तांब्याची नाणी आजही अल्प मोलात मिळतात. दुर्मिळता आणि प्रत या दोन गोष्टी नाण्याचे मोल ठरवतात, आणि त्यांपैकी दुर्मिळतेचे उत्तर पुस्तकात सापडते. प्रत मात्र ज्याच्या हातात नाणे आहे त्यालाच डोळ्यांनी पाहावी लागते.

प्रथम आपल्या पेटीत काय काय असते ते पाहू. साखळी हे घाटाच्या वाटेवरचे गाव. येथून चोर्ला घाट चढून गेले की बेळगावची बाजू लागते. उत्तरेला सावंतवाडीकरांचा मुलूख. पेडणे तर १७८८ पर्यंत त्यांच्याकडेच होते. त्यामुळे आपल्या पेटीत एका राजवटीची नाणी क्वचितच असतात. छत्रपतींची तांब्याची शिवराई असते, ब्रिटिशांचा राणीछाप रुपया असतो आणि त्याच्या शेजारी पोर्तुगीज राजा लुईश याचा १८८१ चा ‘रुपिया’ असतो. या दोन रुपयांचे आकारमान इतके सारखे का, याचे पुष्कळांना नवल वाटते. त्याचे कारण १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह. त्या तहाने गोव्याचे चलन ब्रिटिश हिंदुस्थानच्या चलनाशी जुळवून घेतले आणि नवी नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडण्यात आली. वजन एक तोळा, म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तह १८९२ साली संपुष्टात आला, तरी रुपियाचे माप पुढेही तेच राहिले. १९४७ च्या रुपियात मात्र चांदी निम्म्यावर आली आणि १९५२ च्या रुपियात ती मुळीच उरली नाही. तो तांबे-निकेलचा आहे. १९५८ साली टांगा-रुपिया ही रीतच गेली आणि एका रुपियाला सहा या दराने एस्कुदो आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या एस्कुदोंचेही दिवस भरले. ही एवढी वंशावळ ध्यानात ठेवावी, कारण कोणत्या नाण्याने किती वर्षे बाजार पाहिला, हे प्रत ठरवताना कामी येते.

आता मुख्य मुद्दा. नाण्याच्या अंगावर तीन हातांच्या खुणा असतात: टांकसाळीच्या, बाजाराच्या आणि घराच्या. टांकसाळीने जे दिलेच नाही, बाजाराने जे हिरावून नेले आणि घरातल्यांनी जे बिघडवले, या तीन गोष्टी ज्याला वेगळ्या करता आल्या, त्याला नाण्याची प्रत कळली. नवशिक्याला तिन्ही एकच दिसतात. तो म्हणतो, नाणे पुसट आहे. जाणकार विचारतो, कोणी पुसले?

बाजाराची खूण म्हणजे झीज. नाणे हातातून हातात जाते, कनवटीला राहते, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासते, आणि जो भाग सर्वांत उंच तो सर्वांत आधी झिजतो. म्हणून सबंध नाणे एकदम पाहू नये, उंचवटे शोधावेत. राणीछाप रुपयावर मुकुटातील रत्ने, कानाजवळील केस आणि पोशाखावरील वेलबुट्टी ही पाहण्याची स्थळे आहेत. वेलबुट्टीची पाने सुटी सुटी दिसत असतील तर ते नाणे फार फिरलेले नाही; सगळा पोशाख एक सपाट पट्टा झाला असेल तर त्याने पुष्कळ बाजार केले आहेत. लुईशच्या रुपियावर राजाचे मस्तक उघडे आहे, तेव्हा तेथे कानावरच्या केसांच्या बटा आणि भुवईचा उंचवटा पाहावा. पाठीमागे पोर्तुगालची मुकुटधारी ढाल आहे. त्या ढालीत सात छोटे किल्ले आणि पाच छोट्या ढाली असतात. किल्ल्यांचे बुरूज भिंगाखाली ओळखता येतात की त्यांचे नुसते ठिपके झाले आहेत, एवढ्या एका पाहणीने प्रत पुष्कळशी ठरते. राजाचा चेहरा पाहून फसायला होते, कारण चेहऱ्याचा आकार फार उशिरापर्यंत टिकतो. बारीक नक्षी मात्र फसवीत नाही.

झिजेहूनही अधिक बोलकी अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नाण्याची मूळ झळाळी. ठशाचा दाब बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे किंचित वाहतो आणि त्याच्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठावर उमटतात. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू कलते करत नेले, की या रेषांवरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गरगर फिरतो. हा फिरता प्रकाश घासून आणता येत नाही, मुलामा देऊनही आणता येत नाही. उंचवट्यांवर जेथे बोटांचा स्पर्श झाला तेथे तो प्रथम तुटतो आणि तेवढा भाग करडा, मंद दिसू लागतो. संपूर्ण पृष्ठावर प्रकाश अखंड फिरला तर नाणे चलनात आलेच नाही असे समजावे, आणि केवळ अक्षरांच्या कोनाड्यांत तो उरला असेल तर ते थोडेफार वापरलेले आहे. आणखी एक. पाहताना नाणे सदैव कडेने धरावे आणि खाली मऊ कापड पसरावे. बोटाच्या पेराचा घामट ठसा चांदीवर कायमचा उमटू शकतो.

टांकसाळीच्या उणिवा हे प्रकरण आपल्या नाण्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. यंत्राच्या नाण्यावर सवय झालेला डोळा शिवराईवर हटकून चुकतो. शिवराई हातोड्याने पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सबंध मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावतो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ असा मजकूर असायला हवा; पण एखाद्या नाण्यावर ‘छत्र’ एवढेच असते आणि ‘पति’ चकतीच्या बाहेर गेलेले असते. घरचे लोक म्हणतात, अक्षरे झिजली. तसे नसते. ती अक्षरे त्या तांब्यावर कधी उमटलीच नव्हती. जी उरली आहेत त्यांच्याकडे पाहावे. त्यांच्या कडा ठसठशीत असतील, अक्षराची भिंत उभी असेल, तर मजकूर अपुरा असूनही नाणे चांगल्या प्रतीचे आहे. उलट सगळी अक्षरे आहेत पण ती जमिनीत विरघळल्यासारखी दिसतात, तर तेथे झीज आहे. पुष्कळदा ठसा तिरका बसतो आणि अर्धे नाणे खोल, अर्धे उथळ उमटते. अशा उथळ भागावर चकतीचा मूळचा खडबडीतपणा तसाच असतो. झिजलेला भाग गुळगुळीत असतो. नख न लावता, भिंगाने, हा एक भेद पाहण्याची सवय केली तरी पुष्कळ पारख साधते. गोव्याच्या स्वतःच्या जुन्या टांकसाळीतील नाण्यांनाही हाच नियम लावावा. कलकत्त्याच्या यंत्राशी त्यांची तुलना करणे म्हणजे जात्यावरच्या पिठाला गिरणीच्या पिठाचे माप लावण्यासारखे आहे.

याहून मागे गेले तर गोव्याच्या कदंबांची सोन्याची नाणी येतात. आपल्या डिचोली तालुक्यात नार्वे येथे श्री सप्तकोटीश्वराचे देऊळ आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली ज्याचा जीर्णोद्धार केला तेच. बाराव्या शतकातील कदंब राजा शिवचित्त परमाडी याच्या सुवर्णनाण्यावर एका बाजूस सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूस, सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने लाभलेले, अशा अर्थाचा नागरी लेख आहे. सोने मऊ, तरी ही नाणी रोजच्या बाजारात फारशी फिरली नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर झीज थोडी आणि ठशाची उणीव अधिक असते. येथे एक सावधगिरी सांगतो. कदंबांच्या नाण्यांच्या नकला पुष्कळ आहेत. ओतीव नक्कल ओळखायची तर अक्षरांच्या मुळाशी पाहावे. ठशाने उमटलेल्या अक्षराचा पाया धारदार असतो, ओतलेल्याचा गोलसर असतो आणि जमिनीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात.

आता तिसरा हात, घराचा. सर्वांत अधिक नासाडी याच हाताने होते आणि ती प्रेमाने होते, हे दुःख अधिक आहे. चिंच, भिरंडाची सोले, राख, रांगोळी, आणि आता भांडी घासण्याच्या भुकट्या. आंबटात आम्ल असते. ते नाण्यावरचे काळे पुट काढते हे खरे, पण त्या पुटाबरोबर धातूचा अतिशय पातळ थरही जातो, आणि मघाशी सांगितलेल्या प्रकाश फिरवणाऱ्या रेषा त्या थरातच असतात. राख आणि भुकटी तर उघडउघड ओरखडतात. घासलेला रुपया चमकतो खरा, पण त्याची चमक सगळीकडून एकसारखी, पांढरीफटक आणि निश्चल असते. नाणे कलते केले तरी प्रकाश फिरत नाही. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले हजारो केसाएवढे ओरखडे दिसतात. असे नाणे कितीही ठसठशीत असले तरी संग्राहक ते खालच्या प्रतीत टाकतो. शंभर वर्षांत चांदीवर आपोआप आलेली करडी, निळसर किंवा सोनेरी छटा ही नाण्याची ढाल आहे. पूजेला नाणे ठेवावे, अवश्य ठेवावे. मात्र ते घासू नये आणि कुंकू नाण्याच्या अंगाला न लावता ताटात वाहावे. देवीची काही हरकत असेल असे मला वाटत नाही.

दुसरी घरची खूण दागिन्याची. आपल्या बायकांच्या गळ्यातील पुतळ्यांच्या माळा, गिनीचे डाग, मुलांच्या गळ्यात बांधलेली चांदीची नाणी, यांचा इतिहास मोठा आहे. पण ज्या नाण्याला कडी डाखली होती, ते कडी काढली तरी ओळखू येते. वरच्या कडेला, बारा वाजण्याच्या जागी, दातेरी किनार वितळून सपाट झालेली असते आणि तेथली अक्षरे किंचित दबलेली असतात. विकणारा ती बाजू अंगठ्याखाली धरतो. म्हणून नाणे घेताना किनार सबंध फिरवून पाहावी. भोक बुजवलेले असेल तर तेवढ्या जागेचा रंग वेगळा दिसतो.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. गोव्याचा पावसाळा आणि समुद्राचे खारे वारे तांब्याच्या नाण्यांना मानवत नाहीत. तांब्यावर जो घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी लेप असतो तो निरुपद्रवी आहे. त्याला हात लावू नये. परंतु फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी ठिकठिकाणी फुललेली दिसली, तर तो क्षारांचा रोग आहे, दमट हवेत तो वाढत जातो आणि नाणे आतून खातो. असे नाणे लगेच इतरांपासून वेगळे करून कोरड्या जागी ठेवावे आणि जाणत्याला दाखवावे. शिवाय ज्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा उग्र वास येतो त्यांत नाणी ठेवू नयेत. त्या प्लॅस्टिकमधून जो चिकट हिरवट पदार्थ सुटतो तो चिंचेइतकाच घातक आहे. साधे, आम्लविरहित कागदाचे पाकीट पुरे.

एक खूण मात्र अशी आहे, की जिला बिघाड म्हणताना मन कचरते. जुन्या रुपयांवर कधी कधी बारीक टोचे किंवा छोट्या आकृतींचे ठसे दिसतात. ते सराफांचे. रुपया आतपर्यंत चांदीचाच आहे का, हे पाहण्यासाठी सराफ टोचा मारी आणि तपासल्याची आपली निशाणी ठेवी. ‘बंदा रुपया’, ‘नाणे वाजवून घेणे’ हे आपले वाक्प्रचार त्याच व्यवहारातून भाषेत आले. बाजाराच्या काटेकोर नियमाने सराफी खुणेचे नाणे एक पायरी उतरते, आणि तो नियम मी मान्य करतो. पण माझ्या स्वतःच्या संग्रहात असे नाणे असते तर ते मी पुढच्या रांगेत ठेवले असते. बाकी, नाणे दगडावर आपटून वाजवून पाहण्याची रीत आता सोडावी. चांदीचा नाद खणखणीत येतो हे खरे, पण एका आपटण्यात किनारीला जी खोक पडते ती कायमची.

प्रतींना नावे आणि आकडे देण्याची पद्धत जगाला शिकवली ती अमेरिकेने, आणि आज मुंबई-पुण्याचे लिलाव असोत की आपल्याकडील नाण्यांची प्रदर्शने असोत, सगळीकडे तीच परिभाषा कानी येते. विल्यम शेल्डन नावाच्या एका मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिले आणि त्यात एक ते सत्तर अशी मोजपट्टी दिली. केवळ ओळखू येण्याजोगे नाणे एक. निर्दोष नाणे सत्तर. त्याची कल्पना अशी, की सत्तरच्या नाण्याला एकच्या सत्तरपट किंमत असावी. किमतीचे हे गणित लवकरच कोलमडले, पण आकडे मात्र राहिले. १९७७ साली अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने त्यांवर आधारलेले नियम छापले. १९८६ आणि १९८७ साली दोन व्यापारी संस्था निघाल्या. त्या नाणे पाहून त्याची प्रत ठरवतात आणि आकड्यासह कडक प्लॅस्टिकच्या पेटीत ते बंद करून देतात.

या परिभाषेतील शब्द फसवे आहेत, म्हणून त्यांचा अर्थ सांगून ठेवतो. ‘गुड’ म्हटले की आपल्याला वाटते, नाणे चांगले आहे. त्या मोजपट्टीवर ‘गुड’ला चार आकडे मिळतात, म्हणजे नक्षी गेलेली, केवळ बाह्याकार उरलेला. ‘फाइन’ बाराला, ‘व्हेरी फाइन’ विसाला, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ चाळिसाला सुरू होते. पन्नासच्या पुढे ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’, म्हणजे उंचवट्यांवर झिजेची नुसती चाहूल. साठ ते सत्तर हा प्रदेश चलनात कधीच न आलेल्या नाण्यांचा. घासलेल्या, कडी लावलेल्या किंवा भोक बुजवलेल्या नाण्याला या संस्था साधारणपणे आकडाच देत नाहीत. नक्षी अमुक दर्जाची, पण नाणे बिघडवलेले, असा शेरा मारतात. आमच्या दिवाळीच्या ताटातील बहुतेक रुपये या शेऱ्याचे धनी होतील.

अमेरिकनांना साठ ते सत्तर यांमध्ये इतक्या बारीक पायऱ्या कशाला लागल्या, याला कारण आहे. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली त्यांनी ‘मॉर्गन डॉलर’ नावाचे चांदीचे मोठे नाणे पाडले. लोकांना ते जड वाटे. हजार-हजार नाण्यांच्या थैल्या सरकारी तिजोऱ्यांत वर्षानुवर्षे पडून राहिल्या, त्यांतील पुष्कळ १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाहेर आल्या. नाणी कोरी, पण थैलीत एकमेकांवर आपटून गालावर खोका पडलेल्या. अशा नाण्यांत प्रत ठरवायची ती झिजेवरून ठरत नाही. खोका किती, कोठे आणि नजरेत भरतात की नाही, यांवरून ठरते. आपल्याकडे त्याला तंतोतंत जोड आहे ती १९५८-५९ च्या एस्कुदोंची. तीन-चार वर्षेच ते चलनात राहिले, म्हणून त्यांत कोरी नाणी बरीच आढळतात, आणि त्यांना तो अमेरिकन काटेकोरपणा लावणे योग्यच आहे. शिवराईला चौसष्ट की पासष्ट असे विचारण्यात मात्र अर्थ नाही. तिच्यासाठी ठसा किती बसला, मजकूर किती आला, झीज किती आणि पृष्ठ कसे, हे चार शेरे स्वतंत्र लिहावेत. एक आकडा पुढे करून हे चारही लपवले जातात, अशी माझी तक्रार आहे.

या मॉर्गन डॉलरचा आपल्या पेटीशी आणखी एक संबंध आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई पडली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळवले आणि त्यांतील बहुतेक चांदी रुपये पाडण्यासाठी ब्रिटिशांना विकली. १९१८-१९ सालचा पंचम जॉर्जचा रुपया आपल्या घरात असेल, तर त्यात अमेरिकेच्या तिजोरीतील चांदी असण्याचा पुरेपूर संभव आहे.

रुपया खरा की खोटा, याची एक सोपी घरगुती परीक्षा आहे, आणि तिने नाण्याला इजा होत नाही. ग्रॅमचे शतांश दाखवणारा छोटा काटा घ्यावा. आधी नाणे कोरडे तोलावे, ११.६६ हे पूर्ण वजन, झिजलेल्यात दोन-तीन दशांश कमी येणे स्वाभाविक आहे. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याने बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवावे. काटा आता दाखवील तो नाण्याएवढ्या पाण्याचा भार. कोरड्या वजनाला त्याने भागले, की या प्रतीच्या चांदीसाठी उत्तर १०.३ च्या आसपास आले पाहिजे. पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा सुमारे १.१३ दाखवतो. आठ-साडेआठ उत्तर आले तर चांदीचे नाव घेऊ नये. नंतर नाणे स्वच्छ पाण्याने धुऊन, मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे, चोळू नये.

राम, लक्ष्मण, सीता यांची चित्रे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘चमत्कारी’ नाणी अजूनही खेडोपाडी विकली जातात. कंपनीने असली नाणी कधी पाडली नव्हती. त्यांना प्रत नाही आणि दुर्मिळताही नाही. दूरध्वनीवरून लाखो रुपये देऊ करणारे आणि आधी थोडे शुल्क मागणारे जे भेटतात, त्यांच्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला आहे, की बँक असल्या व्यवहारात नाही आणि तिच्या नावे कोणी शुल्क मागत असेल तर देऊ नये. कायद्याची बाजूही जाणून असावी. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते; ते परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाही, परदेशी असलेल्या मुलाला भेट म्हणूनही नाही. जमिनीत मडके सापडले तर ते सरकारला कळवावे लागते. त्यातील नाणी वाटून घेतली, की कोणते नाणे कोणाबरोबर पुरले होते ही माहिती नष्ट होते, आणि इतिहासकाराला सोन्याहून ती अधिक हवी असते.

तेव्हा या दिवाळीला पेटी उघडाल तेव्हा चिंच बाजूला ठेवा आणि कागदाची छोटी पाकिटे व पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक नाण्याला एक पाकीट. नाणे आत घालण्यापूर्वी त्यावर वजन लिहा, वर्ष लिहा, उंचवट्यांवर काय दिसले आणि प्रकाश फिरला की नाही ते लिहा, किनारीला कडीची खूण असेल तर तीही लिहा. आणि सर्वांत खाली लिहा, की हे नाणे घरात कोणाकडून आले: आजोबांना घाटावरच्या व्यापारात मिळाले, की आजीच्या माहेराहून आले. ते सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.